ढाल घेऊन चालत किलड्रीनला

माणसानं सभेत उभं राहण्याआधी तोंडात पाण्याचा मोठा घोट घ्यावा आणि खाली बसेपर्यंत तो गिळू नये, असं ब्रीडा गेराटी आपल्या नवऱ्याला लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. फिंटन गेराटींनी हा सल्ला कधी मानला नाही. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे, समोर चार माणसं खुर्च्यांवर बसलेली दिसली की त्यांना काहीतरी शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. निवृत्त झाल्यावरही क्लूनबार गावात लहानथोर त्यांना 'मास्तर'च म्हणत, आणि म्हणत नसते तर मास्तरांनी ते म्हणायला लावलं असतं.

तर चर्चच्या हॉलमध्ये पुष्पसमितीची सभा होती. मास्तर समितीचे नवे कोरे अध्यक्ष. चहाच्या मोठ्या भांड्यावर, भिंतीवरच्या खिळ्याला, जिल्ह्यातल्या सर्वांत सुंदर गावाला मिळणारी चांदीची ढाल लटकत होती. ती गेल्या उन्हाळ्यात क्लूनबारनं शेजारच्या किलड्रीनच्या हातातून अक्षरशः ओढून आणली होती. ढालीकडे बोट करून मास्तर म्हणाले की येत्या उन्हाळ्यात आपल्या रस्त्यावरच्या एकाही टांगत्या टोपलीत, एकाही कुंडीत पीटचा कणसुद्धा पडणार नाही.

हॉलमधल्या सगळ्या माना चहाच्या भांड्याकडून एकदम मास्तरांकडे वळल्या.

आता हे बोलणं कुठे चाललं होतं ते ध्यानात घ्या. क्लूनबार हे दलदलीच्या काठावर वसलेलं आयर्लंडमधलं गाव. पीट म्हणजे त्या दलदलीतला काळा, लोण्यासारखा कापता येणारा थर. वाळवला की चुलीत जळतो, भुगा केला की कुंडीत फुलं फुलवतो. गावातल्या निम्म्या घरांची भाकरी त्यावर चालली, आणि सरकारनं पीटचा कारखाना बंद केल्यापासून तीच निम्मी घरं अजून धुमसत होती. अशा गावात उभं राहून पीट नको म्हणणं म्हणजे कोळीवाड्यात जाऊन मासळीला नाक मुरडणं. मास्तरांचंही खोटं नव्हतं. नखाच्या जाडीएवढा थर साठायला दलदलीला वर्ष लागतं, आणि आपण तो पेट्युनियासारख्या शोभेच्या फुलझाडाच्या मुळाशी ओततो, हे त्यांनी मुलांना जन्मभर शिकवलं होतं. निवृत्तीनंतर रिकामा वेळ मिळाल्यावर ते त्यांना स्वतःलाही पटलं.

मागच्या रांगेतून मॅलकी ब्रॉफी उठला. मॅलकी म्हणजे मास्तरांचा सख्खा शेजारी, दर गुरुवारचा पत्त्यातला भिडू, आणि कारखान्यात पीट उकरायचं अजस्र यंत्र जन्मभर चालवलेला माणूस. त्यानं टोपी काढली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "काल संध्याकाळी तुझ्या चुलीत काय जळत होतं? भूगोलाचं पुस्तक?"

सगळा हॉल हसला. फादरसुद्धा रुमालात हसले. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इथे पाण्याचा घोट तोंडात असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण तोंड मोकळं होतं. मास्तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "ही ढाल जर पीट न घातल्यामुळे गेली, तर मी ती स्वतःच्या हातानं, भर दिवसा, लग्नातला सूट घालून, चालत किलड्रीनला पोचवीन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ब्रीडानं मान खाली घातली, कारण लग्नातल्या सुटाची बटणं लागायची बंद होऊन जमाना झाला होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

टाळ्या थांबल्यावर माजी अध्यक्षा अट्रॅक्टा मलहर्न यांनी चष्मा पुसत विचारलं, "ठरलं तर. मग टोपल्यांत भरायचं काय मास्तर? भाषण?"

त्या गुरुवारी मॅलकी पत्ते खेळायला आला नाही. पुढच्याही गुरुवारी आला नाही. मास्तरांनी टेबलावर पत्ते मांडले, उचलले आणि आपल्याला काही वाटत नसल्याचं ब्रीडाला दोनदा सांगितलं. पण त्यांना वाटत होतं, चांगलंच वाटत होतं.

खत करायचं तर गावात मुबलक असलेल्या वस्तूचं करावं, हा साधा विचार. आणि क्लूनबारच्या कुठल्याही घरात कधी कमी पडणार नाही अशी वस्तू एकच, ती म्हणजे बटाट्याच्या साली. मास्तरांनी आपल्या परसात जुन्या लाकडी फळ्यांचे हौद बांधले आणि दारोदार निरोप धाडला. तिसऱ्या दिवसापासून बादल्या यायला लागल्या. बादलीबरोबर सल्ला आला. एकाच्या मते समुद्रशेवाळ घातल्याशिवाय खत कुजत नाही, आणि समुद्र गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दुसऱ्याची आजी खतात मेलेला कोंबडा पुरायची. दारूच्या गुत्त्यातल्या पुरुषमंडळींनी कुठेसं वाचलं होतं की मानवी मूत्रानं खत झपाट्यानं पिकतं, आणि रोज गुत्ता बंद झाल्यावर गावासाठी एवढी तसदी घ्यायची त्यांनी एकमुखानं तयारी दाखवली. ब्रीडानं परसाच्या फाटकाला कुलूप घातलं.

मग जिल्हा कचेरीतून टूही नावाचे अधिकारी आले. अत्यंत सभ्य माणूस. बूट काढून आत आला. त्याच सभ्यपणे त्यांनी समजावलं की अनेक घरांचा ओला कचरा एका जागी आणून कुजवणं म्हणजे कायद्यानं कचरा प्रक्रिया केंद्र. त्याला परवाना लागतो, पक्का तळ लागतो, वजनकाटा लागतो आणि उंदरांबाबतचं धोरण लागतं. मास्तरांनी विचारलं, धोरण उंदरांचं की उंदरांविषयी? टूहींनी हसत सांगितलं की ते दुसऱ्या विभागाकडे आहे.

"आणि एकाच घरच्या साली असतील तर?" ब्रीडानं चहा ओतत विचारलं.

"मग ती बागकाम, बाई. त्यात आम्ही पडत नाही."

"मग आमच्याच आहेत," ब्रीडा म्हणाली.

टूहींनी खिडकीतून त्या छातीएवढ्या हौदांकडे पाहिलं. मग दोन माणसांच्या त्या टेबलाकडे पाहिलं. मग मास्तरांच्या पोटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांनी नोंद केली की गेराटी कुटुंब बटाटे बरेच खातं. पुढच्या आठवड्यात आरोग्यसेविका 'सहज' म्हणून दारात उभी राहिली आणि हिरव्या भाज्यांचं महत्त्व सांगणारी पत्रकं ठेवून गेली. मास्तरांचा असा अपमान शाळा तपासनीसांनीही कधी केला नव्हता. पण गावाच्या साली वाचल्या.

नुसत्या सालींचं खत चिकट होतं म्हणून कुजलेला पाला हवा होता. तो भरपूर पडला होता दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या मोठ्या झाडांखाली. फादरनी आनंदानं परवानगी दिली. मास्तर हातगाडीनं पाला वाहत होते तेव्हा अट्रॅक्टाबाई फाटकात उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान बार्टली त्याच झाडांखाली विसावले होते.

"माझा बार्टली जन्मभर फुलांना शिंकत होता," त्या म्हणाल्या. "आता मेल्यावर त्याला पेट्युनियात घालताय?"

मास्तरांनी पाला आणि पुरलेली माणसं यांतला फरक शास्त्रशुद्धपणे समजावून सांगितला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तर पूर्वजांचं खत करतायत. काही घरांनी बादल्या पाठवणं थांबवलं, तर काहींनी निरोप धाडला की आमच्या काकाला बँकेसमोरची टोपली द्या, त्यांना ती जागा आवडायची.

खताचं असं चाललेलं असताना टोपल्यांचा प्रश्न उरलाच होता. प्लॅस्टिकला मास्तरांनी बंदी घातली होती. ओढ्याकाठच्या वाळुंजाचे, त्या लवचिक फांद्यांच्या झाडाचे, ओले फोक कापून आणून त्यांनी स्वतः टोपल्या विणायला घेतल्या. पहिली टोपली पक्ष्यानं कंटाळून अर्धवट सोडलेल्या घरट्यासारखी झाली. दुसरी त्याहून वाईट झाली. तिसऱ्या टोपलीनंतर ब्रीडानं फोक त्यांच्या हातातून काढून घेतले, आणि मग टोपल्या टोपल्यांसारख्या दिसायला लागल्या. गावात मात्र मास्तर विणतात असंच सांगितलं जाई, आणि ब्रीडानं ते खोडून काढलं नाही, हा तिचा मोठेपणा.

टोपलीला आतून अस्तर हवं, नाहीतर माती खाली गळते. त्यासाठी कच्ची लोकर उत्तम, असं मास्तरांनी वाचलं होतं. गावात मेंढ्या एकाकडेच होत्या, मॅलकीकडे. मास्तर तीनदा त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा मॅलकीनंच गोठ्यातून त्यांना पाहिलं. त्यानं लोकरीचे गठ्ठे बाहेर फेकले. हल्ली ती कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं.

"घेऊन जा," तो म्हणाला. "तुझ्या फुलांना थंडी वाजायला नको."

हे टोमण्यासारखं होतं, पण कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदाच बोलला होता. मास्तरांना घरी येईपर्यंत बरं वाटत राहिलं. मग पाऊस आला, आणि ते सगळे गठ्ठे भिजल्या एडक्यासारखे वास मारायला लागले.

मे महिन्यात मुख्य रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांवर टोपल्या चढल्या. पेट्युनिया, लोबेलिया, सगळा सरंजाम लागला. पहिल्याच दिवशी मॅलकीचा मेंढ्या राखणारा कुत्रा ब्रॅन रस्त्यावर येऊन बसला. त्याला वरून ओळखीचा वास येत होता. आपल्या मेंढ्या खांबांवर का चढल्या आहेत हे त्याला कळेना, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. तो दिवसभर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पोटावर सरपटत फिरे आणि संध्याकाळी घरी जाई. पाठोपाठ कावळे आले आणि घरट्यांसाठी लोकर ओढून न्यायला लागले, तेव्हा ब्रॅनला जन्माचं काम मिळालं.

मॅलकीही रोज येई. येताना तो शिडी घेऊन येई. एका टोपलीत अंगठा खुपसायचा, माती बोटांत चुरायची, नाकाशी धरायची, आणि पुढच्या खांबाकडे जायचं. गावाला कारण ठाऊक होतं. मास्तर गुपचूप पीट घालणार आणि आपण त्यांना रंगेहाथ पकडणार, अशी मॅलकीची खात्री होती.

खरं सांगायचं तर मास्तरांच्या मनात ते आलंही होतं. जून उजाडला तरी पेट्युनिया पिवळट, सुतक असल्यासारख्या बसून होत्या. त्यात किलड्रीनच्या समितीचे अध्यक्ष फेलिम डाउड मोटार हळू करत रस्त्यावरून गेले आणि काच खाली करून म्हणाले की चालण्याचा सराव चालू ठेवा मास्तर, घाट आहे. मास्तर रात्रभर कुशीवर कुशी बदलत राहिले. सकाळी त्यांनी ब्रीडाला दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं आणि तीन गावं ओलांडून बागेच्या सामानाच्या एका प्रचंड दुकानात गेले, जिथे त्यांना कुत्रं ओळखत नव्हतं. पीटच्या पिशव्या दाराशीच रचल्या होत्या. मास्तरांनी एक पिशवी उचलली, छातीशी धरली आणि हिशेबाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मास्तर! ओळखलंत का? अट्रॅक्टाआत्याची भाची," टेबलामागची मुलगी म्हणाली. "तुम्ही मला भूगोलात नापास केलं होतं."

मास्तरांनी पिशवी अशी खाली ठेवली, जणू ती कुणीतरी दुसऱ्यानंच त्यांच्या हातात दिली होती. मग काहीतरी घ्यायलाच हवं म्हणून शेजारी होता तो सिमेंटचा बगळा उचलला. बगळा कमरेइतका उंच होता आणि वजन विचारू नका. तो अंगणात उतरवताना ब्रीडा दारात आली. तिनं बगळ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"दात काढून त्यांनी हा बसवला का?" तिनं विचारलं. आणि ती चहा टाकायला आत गेली. पण त्या बगळ्याकडे पाहिलं की मास्तरांना स्वतःची लाज वाटे, आणि तो नेमका न्याहारीच्या टेबलासमोरच्या खिडकीत उभा होता. मास्तरांनी मनाशी ठरवलं की आता गेली ढाल तर गेली. सूट उसवून घेऊ, पण पीट नाही.

आणि मग टोपल्यांतून काहीतरी उगवलं.

आधी वाटलं तण असेल. मग पानं रुंदावली, दाट झाली, टोपल्यांच्या कडांवरून खाली लोंबायला लागली. वाळुंजाचे फोक ओले असताना विणलेले, त्यामुळे त्यांनाही मुळं फुटली आणि टोपल्यांना बाहेरून पालवी आली. मास्तर खांबाखाली उभे राहून भूगोल आठवत होते. तेवढ्यात अट्रॅक्टाबाई तिथे आल्या, त्यांनी चष्मा वर केला आणि जे आयर्लंडमधल्या शेंबड्या पोरालाही ओळखता येईल ते मास्तरांना सांगितलं.

"बटाटे आहेत."

सालींना कोंब फुटायचे डोळे होते. गावात कुणीतरी साल इतकी जाड काढत होतं की तिच्याबरोबर निम्मा बटाटाच बादलीत जात होता. आता खरी बोंब झाली, कारण जाड साल काढणारी बाई म्हणजे उधळी बाई. त्यामुळे प्रत्येक घर शपथेवर सांगायला लागलं की आमच्या सालींतून उजेड दिसतो. दोन बहिणींचं बोलणं बंद झालं. टूहींच्या कागदाप्रमाणे मात्र सगळ्या साली गेराटींच्या होत्या, आणि ब्रीडाच्या हाताला जन्मात पहिल्यांदाच बोल लागला. तिनं तो गिळला, पण त्या आठवड्यात मास्तरांना सालीसकट बटाटे खावे लागले.

मास्तरांनी तातडीची सभा बोलावली. परीक्षक जुलैत केव्हाही, न सांगता येणार. मुख्य रस्त्यावर शोभेच्या टोपल्यांतून बटाटे लोंबताना दिसले की ढाल गेली, गावाची अब्रू गेली, किलड्रीनला सात पिढ्या पुरेल एवढा विनोद मिळाला. उद्या सकाळी सगळ्यांनी शिड्या आणा, रोपं उपटा, असा त्यांनी हुकूम सोडला.

कुणी हललं नाही.

"कळ्या आल्यात त्यांना," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. "फुलावर आलेला बटाटा उपटायचा? आमच्या घराण्यात असलं पाप कुणी केलेलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं की आमच्या आजोबांनी ऐकलं असतं तर थडग्यातून उठले असते; त्यावर दुसरं कुणी म्हणालं की ते टोपलीतच आहेत, ऐकतायतच. हसू झालं, पण उठलं कुणीच नाही. क्लूनबारच्या माणसाला चोरी सांगा, एक वेळ विचार करील. पण जमिनीत धरलेला बटाटा वेळेआधी उपटायचा म्हटलं की त्याचा हात जागीच थिजतो. दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच शिडी घेऊन निघाले. पहिल्या खांबावर चढले. रोपाला हात घातला. देठ हाताला थंड आणि टणक लागला, आणि त्यांना आठवली आईची परसातली बटाट्याची सरी, जिच्यावरून पळताना एकदा पाय पडला म्हणून त्यांना सबंध दिवस उपाशी झोपवलं होतं. ते तसेच खाली उतरले. खाली मॅलकी उभा होता.

"नाही जमलं ना?" तो म्हणाला.

"नाही जमलं," मास्तर म्हणाले.

मॅलकीनं शिडी उचलली आणि घरापर्यंत वाहिली.

जुलै लागला आणि बटाटे फुलले. एके सकाळी सगळा रस्ताच बदलला होता. पांढरी, फिकट जांभळी, मध्ये पिवळा ठिपका असलेली झुबकेच्या झुबके फुलं वाळुंजाच्या पालवीतून खाली झुकली होती, आणि त्यांच्या सावलीत इतके दिवस रुसलेल्या पेट्युनियांनी मान वर काढली होती. बायका दुकानात जाता जाता थांबायला लागल्या. ज्यांनी जन्मभर शेतात ती फुलं पाहिली होती त्यांनी ती पहिल्यांदाच मान वर करून पाहिली. मास्तरांना मात्र चैन नव्हतं. त्यांनी शब्दकोशातून बटाट्याचं लांबलचक लॅटिन नाव शोधून पाठ केलं होतं. परीक्षकानं विचारलं तर तेच तोंडावर फेकायचं, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली दुर्मीळ शोभेची वेल वाटेल. ते तसं खोटंही नव्हतं, असं त्यांनी बगळ्याला समजावलं होतं.

परीक्षक आल्या तेव्हा मास्तर न्हाव्याच्या खुर्चीत होते, डाव्या बाजूचे केस कापलेले, उजव्या बाजूचे तसेच. काचेतून त्यांना दिसलं की निळ्या कोटातली एक अनोळखी बाई रस्त्यावर उभी आहे आणि गुत्त्याकडे न बघता वर बघते आहे. दुसरं कोण असणार! बाई पहिली टोपली पाहून वळायला लागल्या, तर ब्रॅन पोटावर सरपटत त्यांच्या मागे गेला. कळपातून चुकलेलं मेंढरू त्याला दिसलं होतं. बाई डावीकडे गेल्या, तो डावीकडे. उजवीकडे गेल्या, तो उजवीकडे. ना भुंकला, ना चावला, नुसता डोळ्यानं धाक देत त्यानं त्यांना दुसऱ्या खांबाखाली नेलं, तिथून तिसऱ्या, आणि असा सबंध मुख्य रस्ता एकही टोपली न वगळता दाखवला.

गळ्यातल्या चादरीसकट मास्तर धावत सुटले. ते पोचले तेव्हा शेवटच्या खांबापाशी बाई, कुत्रा आणि शिडीवर अंगठा मातीत खुपसलेला मॅलकी, असे तिघे होते. भोवती गाव जमत होतं.

"अध्यक्ष आपणच का?" बाईंनी चादरीकडे आणि अर्ध्या डोक्याकडे पाहत विचारलं. "मला एक सांगा, हे बटाटे आहेत का?"

मास्तरांनी छाती फुगवली. लॅटिन नाव जिभेच्या टोकाशी आलं. समोर अट्रॅक्टाबाई उभ्या होत्या, बादल्या वाहणारी घरं उभी होती, ब्रीडा उभी होती.

"हो," मास्तर म्हणाले. "बटाटेच आहेत. घरोघरच्या सालींचं खत केलं, त्यातून ते आले. उपटायला गेलो, पण हात झाला नाही."

बाईंनी वही उघडली. मग म्हणाल्या की पीट घातलं नाही असं हल्ली प्रत्येक गाव सांगतं, पण बोट घालून पाहिलं की वेगळंच निघतं. एवढी टवटवी आणि पीट अजिबात नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा?

शिडी करकरली. मॅलकी खाली उतरला आणि त्यानं टोपी काढली.

"बाई, मी जन्मभर पीट उकरलंय," तो म्हणाला. "या मास्तरची चोरी पकडायला उन्हाळाभर रोज प्रत्येक टोपलीत अंगठा घालत फिरतोय. एक कण सापडला असता तर मीच तुम्हाला तार केली असती. नाही सापडला. माझी फार मोठी निराशा झालीये."

आणि मातीनं माखलेला अंगठा त्यानं बाईंच्या नाकासमोर धरला. बाईंनी तो खरंच हुंगला. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. त्या मोटारीत बसेपर्यंत ब्रॅननं त्यांना सोडलं नाही.

सप्टेंबरात निकाल लागला. हॉलमध्ये अट्रॅक्टाबाईंनी तो उभं राहून वाचला. ढाल क्लूनबारकडेच राहिली, तीही आजवर कुणाला मिळाले नव्हते इतके गुण घेऊन. अहवालात लिहिलं होतं की शोभेच्या फुलांत अन्नाची फुलं गुंफण्याचा 'धाडसी आणि विचारपूर्वक निर्णय' परीक्षकांना विशेष भावला, टोपल्या जिवंत होत्या, आणि मार्गदर्शक कुत्र्याची कल्पना इतर गावांनीही उचलावी. मास्तर 'विचारपूर्वक' हा शब्द ऐकताच उभे राहिले, भाषण करायला तोंड उघडलं, आणि ब्रीडानं पाण्याचा पेला पुढे केला. या वेळी त्यांनी तो घेतला. तोंडात घोट धरून ते नुसते उभे राहिले, आणि डोळ्यांना मात्र धार लागली, ती काही थांबवता आली नाही.

मग टोपल्या उतरवल्या गेल्या. हॉलमध्ये टेबलांवर जुन्या गाद्यांच्या खोळी पसरून त्या उलट्या केल्या, आणि लोकरीच्या अस्तरातून सुपारीएवढे, अंड्याएवढे, धुतल्यासारखे स्वच्छ बटाटे घरंगळले. चहाच्याच भांड्यात ते उकडले. लोणी आणि मीठ घालून सगळ्या गावानं उभ्या उभ्या खाल्ले. अट्रॅक्टाबाईंनी पहिला बटाटा तोंडात टाकला आणि त्यांना जोरदार शिंक आली.

"बार्टली," त्या शांतपणे म्हणाल्या आणि दुसरा उचलला.

गुरुवारी संध्याकाळी मास्तरांच्या घरी पत्ते पिसले जात होते. मॅलकी चुलीजवळच्या आपल्या खुर्चीत होता. चुलीत काय जळत होतं याची चौकशी त्यानं केली नाही, आणि मास्तरांनी ते सांगितलं नाही. तेवढ्यात दारावर थाप पडली. फेलिम डाउड टोपी हातात घेऊन उभे होते. बाहेर त्यांची नवी मोटार चालू होती. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली, बगळ्याचं कौतुक केलं, आणि मग घसा खाकरून म्हणाले की किलड्रीनच्या समितीनंही येत्या वर्षी पीट सोडायचं ठरवलंय, तर थोडं खत, ते सालींचं, सुरुवातीला विरजण म्हणून मिळालं तर उपकार होतील.

मास्तरांनी पत्ते पालथे ठेवले. त्यांनी मॅलकीकडे पाहिलं. मॅलकीनं छताकडे पाहिलं.

"देऊ की," मास्तर म्हणाले. "दोन पोती देऊ. उद्याच न्या. पण मोटार नाही आणायची, डाउडसाहेब. चालत या. लग्नातला सूट घालून."